सुखीबाईचा टाका

सदाशिवराव जिनवाल्यांची नात मंगळवारी दुपारी हरवली आणि दिवस मावळायच्या आत चोर सापडला. पोर तेवढी सापडायची राहिली. पण चोर हाती आल्यामुळे निम्मं काम झाल्यासारखं गावाला वाटत होतं, आणि उरलेल्या निम्म्याची घाई कुणाच्या चेहऱ्यावर दिसत नव्हती.

गाव पांढरकवड्याच्या अलीकडचं, हैदराबादच्या सडकेवरचं. नाव न घेतलेलं बरं. साल अठ्ठावन्न, कापसाचा हंगाम. सदाशिवराव त्या गावचे जिनमालक, शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष, देवळाचे पंच, आणि कुणीही मोठा माणूस सडकेवरून गेला तर त्याला हार घालणारे कायमचे गृहस्थ. त्यांची नात इंदू, वय वर्षे सात. तिचे वडील, म्हणजे सदाशिवरावांचा थोरला मुलगा, तीन वर्षांपूर्वी वारला होता.

चोर ठरला देवसिंग. गावापासून कोसभरावर टेकडीला बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथला. त्या दिवशी तो कापसाची बंडी घेऊन जिनात आला होता, आणि सदाशिवरावांचा वाडा जिनाच्याच आवारात होता. त्याच्याविरुद्ध पुरावे दोन. पहिला, तो बंजारा होता. दुसरा, वाड्याच्या मागच्या दाराशी एक गोल आरसा सापडला होता, रुपयाएवढा, बंजारणींच्या घागऱ्यावर शिवलेला असतो तसला. फौजदारांचं पहिल्या पुराव्यावरच समाधान झालं होतं. दुसरा त्यांनी कागदासाठी ठेवून घेतला.

देवसिंगच्या आईला, सुखीबाईला, ही बातमी बुधवारी सकाळी कळली. तांड्याचा नायक हिरासिंग स्वतः सांगायला आला. त्याच्याकडे आणखी एक बातमी होती. पोर सापडेपर्यंत तांड्यातल्या सगळ्या बाप्यांनी शुक्रवारपासून सकाळ-संध्याकाळ ठाण्यात हजेरी द्यायची, असं फौजदारांनी बजावलं होतं. ही हजेरी सुखीबाईला ठाऊक होती. तिचा सासरा इंग्रजाच्या राज्यात जन्मभर ती देत आला होता. तापाने फणफणलेला असला तरी बंडीत घालून न्यावा लागे. चोरांच्या सरकारी यादीत अख्ख्या तांड्याचं नाव होतं म्हणून. पुढे इंग्रज गेला, मागून यादीही गेली. यादी पाठ असलेली माणसं मात्र जागच्या जागी राहिली.

सुखीबाईने कोपरापासून वरच्या सगळ्या बांगड्या चढवल्या, घागरा झटकला आणि ठाण्याची वाट धरली. साठीची बाई, दात चार, पण चालताना सडकेवरच्या ट्रका तिला बघून हळू होत.

ठाण्यात तिने फौजदारांना सांगितलं की पुरावा दाखवा. फौजदारांना गंमत वाटली. त्यांनी टेबलाच्या खणातून आरसा काढून समोर ठेवला. सुखीबाईने तो उचलला, उजेडाकडे धरला, कडेला लोंबणारा दोरा नखाने ओढून पाहिला आणि तिचा चेहरा उजळला.

"हा टाका माहा हाये," ती म्हणाली.

फौजदार खुर्चीत सरळ बसले. त्यांनी पुन्हा विचारलं. सुखीबाईने मग समजावूनच सांगितलं. तांड्यातल्या बाकीच्या बाया आरशाभोवती पाच टाके घालतात. ती सात घालते आणि गाठ खाली लपवते. मोतीबाईचं काम दोन होळ्यांत गळून पडतं. हा आरसा गळून पडलेला नाही. कडीत अडकून ओढला गेला आहे, कापडाचा धागा सोबत घेऊन आला आहे, बघा. टाका शेवटपर्यंत सुटलेला नाही. मुन्शी भराभर लिहून घेत होता. आपल्या कामाची कुणीतरी कागदावर नोंद घेतंय याचं सुखीबाईला बरंच वाटलं. लिहून झाल्यावर त्याने वाचून दाखवलं: आरोपीच्या आईने मुद्देमाल आपलाच असल्याचं कबूल केलं.

आतून गजांना धरून देवसिंग सगळं ऐकत होता. तो पस्तिशीचा, तीन लेकरांचा बाप.

"याडी," तो आईला म्हणाला, "आता तरी गप राह्य."

पायऱ्या उतरेपर्यंत सुखीबाईला आपण काय केलं ते कळलं. ती ठाण्यासमोरच्या लिंबाखाली बसली आणि तंबाखूची चिमूट दाढेखाली धरून विचार करू लागली. टाका तिचा, यात शंका नव्हती. खोटं कसं बोलणार, टाक्याबद्दल? पण दोरा हिरव्या रेशमाचा होता. आणि हिरवं रेशीम तिने आयुष्यात एकदाच वापरलं होतं.

दोन वर्षांपूर्वी सदाशिवरावांच्या विधवा सुनेने, तानाबाईने, तिला जुन्या लुगड्याचे हिरवे काठ दिले होते. त्यातला दोरा उसवून सुखीबाईने तिच्या पोरीसाठी, म्हणजे इंदूसाठीच, चिंचोके ठेवायची एक कोथळी शिवून दिली होती. पोर फाटकाशी उभी राहून आरसे मोजत होती. अकरा होते.

म्हणजे आरसा इंदूच्याच कोथळीचा. पोर मागच्या दाराने गेली, आणि जाताना चिंचोके घेऊन गेली. सुखीबाईला पोरं चोरायचा अनुभव नव्हता. पण चोर पोरीला सामान आवरायला वेळ देत असेल असं तिला वाटेना.

हे फौजदारांना सांगायला ती उठलीसुद्धा. मग पुन्हा बसली. एका दिवसात एकदा लिहून घेतलेलं पुष्कळ झालं.

वाड्याच्या आत काय चाललंय हे सांगू शकेल असं गावात एकच माणूस होतं: खातूनबी पिंजारीण. जिनाच्या मागे तिची पत्र्याची शेड होती. गावातल्या सगळ्या मोठ्या घरांच्या गाद्या ती दर दोन वर्षांनी उसवायची, कापूस पिंजायची, पुन्हा भरून शिवायची. तीस वर्षांत तिला गाद्यांत चिठ्ठ्या सापडल्या, नथी सापडल्या, एका देवभक्ताच्या उशीत चपटी बाटली सापडली. प्रत्येक वस्तू तिने होती तिथेच पुन्हा शिवून टाकली. म्हणूनच तिला काम मिळत राहिलं.

सुखीबाई शेडच्या दारात आली तेव्हा खातूनबी पिंजणावर कापूस धुनकत होती. भुवया, केस, ओढणी, सगळं पांढरं. दोघींची मैत्री तंबाखूपुरती होती, पण वीस वर्षांची होती. सुखीबाईने टेकायच्या आत इंदूचं नाव काढलं. खातूनबीचं पिंजण एकदम जोरात वाजायला लागलं.

"वाजव, वाजव," सुखीबाई म्हणाली. "तुले काई ठाव नसतं तं तू हात थांबवून मले शंभर गोष्टी इचारल्या असत्या."

खातूनबी म्हणाली की गादीतली बात गादीतच राहते, सुखी, तुला माहीत आहे. सुखीबाईला माहीत होतं. तिने पुढे विचारलं नाही. ती नुसती शेडभर पाहत बसली.

खातूनबीला लिहिता येत नव्हतं. ती प्रत्येक गादीचं माप सुतळीने घ्यायची, लांबीला सुतळी तोडायची, रुंदीला गाठ मारायची आणि खिळ्याला लटकवायची. गादी पोचती झाली की सुतळी काढून टाकायची. भिंतीवर पाच-सहा सुतळ्या लोंबत होत्या. एक सोडून सगळ्या मोठ्या माणसाच्या मापाच्या. ती एक जेमतेम अडीच हात होती. खाली जमिनीवर खोळीचं कातरण पडलं होतं, बारीक गुलाबी फुलांचं.

"ही कोनाची?" सुखीबाईने विचारलं.

खातूनबी सुतळीकडे बघून मनातल्या मनात स्वतःला शिव्या देत असावी. ती एक सुतळी काढायची राहून गेली होती.

"बहन, मी तिला जबान दिली."

"मले नको सांगू. सुतळीनं सांगतलं." सुखीबाई जवळ सरकली. "माहा देवसिंग आत हाये. तुह्या बंडीच्या चाकाचा आक त्यानं बसवला होता, पैसा न घेता. पोर चोरनारा मानूस पोरीसाठी नवी गादी भराले टाकते का, खातून? नव्या रुईची?"

पिंजण थांबलं. मग खातूनबीने सांगितलं.

आठ दिवसांपूर्वी तानाबाईने छोटी गादी भरायला सांगितली होती, गुपचूप. गादी गोणपाटात गुंडाळून एसटीच्या टपावरून राळेगावला गेली, तानाबाईच्या मावशीकडे. मागून मंगळवारी, बाजाराच्या गर्दीत, मावशीचं बोट धरून इंदूही गेली. पोरीला खाली सतरंजीवर झोपायची सवय नाही, आणि मावशीचं घर साधं.

कारण असं होतं. नव्या कायद्याने विधवेला आणि मुलीला इस्टेटीत हक्क दिला आहे, हे सदाशिवरावांच्या वकिलाने त्यांना सांगितलं. सदाशिवरावांना पहिले चार दिवस जेवण गेलं नाही. मग वकिलानेच उपाय काढला. तानाबाईने धाकट्या दिराचा मुलगा दत्तक घ्यावा, म्हणजे थोरल्याचा वाटा घरातल्या घरात फिरून धाकट्याकडे येतो. कागद तयार होता. सही शुक्रवारी व्हायची होती. तानाबाई नाही म्हणाली. तेव्हा मामंजींनी शांतपणे सांगितलं की सही होत नाही तोवर इंदू हैदराबादला त्यांच्या बहिणीकडे राहील, शिक्षणासाठी. किती दिवस, ते शिक्षणावर अवलंबून.

म्हणून तानाबाईने आधीच पोर हलवली. गडबड होईल, शुक्रवार टळेल, एवढाच तिचा हिशोब. चोर कुणीच नाही, तेव्हा पकडलाही कुणी जाणार नाही, असं तिला खरोखर वाटलं होतं. ही चूक फक्त मोठ्या घरातलं माणूसच करू शकतं. तांड्यातल्या शेंबड्या पोरीनेही केली नसती.

आणि सदाशिवराव? त्यांनी मंगळवारी संध्याकाळीच, तानाबाईच्या देखत, पोरीचं कपाट उघडलं होतं. फ्रॉक गेलेले, स्वेटर गेलेला. ते कपाट बंद करून बाहेर आले आणि त्यांनी फौजदारांना देवसिंगचं नाव दिलं. आजोबांपासून लपवलेली नात ही गावभर हसण्याची गोष्ट झाली असती. चोरून नेलेल्या नातीला सहानुभूती होती. त्या संध्याकाळपासून ते सुनेशी एक शब्द बोलले नव्हते. ती कधी मोडते याची वाट बघत होते.

"आता तू ठाण्यात जाशील," खातूनबी म्हणाली.

सुखीबाईने गुलाबी कातरण उचलून बोटाभोवती गुंडाळलं. राळेगाव एवढा एक शब्द सांगितला की दुपारपर्यंत देवसिंग सुटला असता. आणि शुक्रवारी इंदू हैदराबादच्या गाडीत.

"मी नाही सांगनार," ती शेवटी म्हणाली. "तिनं केलं, तिनंच सांगावं. ठाण्यात नाही, सगळ्या गावापुढं, म्हंजे मंग तिची पोर कोनी रातोरात उचलून नेनार नाही. तिले निरोप दे. उद्या सकाळी मी तिच्या सासऱ्याच्या फाटकात नसाब बसवीन. दिवस बुडेपर्यंत वाट पाहीन. परवाची हजेरी माह्या तांड्याची हाये, परवाच्या दिवसाचं मी काई कबूल करत नाही."

नसाब म्हणजे तांड्याची न्यायसभा. सुखीबाईच्या तांड्यात तिचा एक जुना दंडक होता: नसाबला जो बसला तो निकालाशिवाय उठत नाही, जो आधी उठला त्याचा दोष. नसाब तांड्याबाहेर नेलेली मात्र कुणाच्या ऐकिवात नव्हती. नायक हिरासिंगने तेच सांगितलं. त्याला फौजदारांची भीती होती आणि ती वाजवी होती.

"हजेरी द्याचीच हाये ना?" सुखीबाई त्याला म्हणाली. "मंग एक दिवस आधीच दिऊ. आन् फाटकात दिऊ, ठाण्यात कायले?"

गुरुवारी सकाळी जिनाच्या फाटकात, बरोबर मधोमध, घोंगडी अंथरली गेली. चाळीस माणसं बसली, त्यात पंचवीस बाया. घागऱ्यांवरचे आरसे उन्हात असे चमकत होते की पहिल्या बंडीचे बैल बुजून मागे सरले. मागची बंडी थांबली, तिच्या मागची थांबली, आणि दहा वाजेपर्यंत रांग नाल्याच्या पुलापार गेली. आत कापूस संपला तसा जिनाचा पट्टा थांबला. तो आवाज हंगामात कधी बंद होत नसे. तो बंद झाल्यावर लोक घरातून बाहेर येऊन आभाळाकडे पाहू लागले.

फौजदार आले. बायांना उचलायला त्यांच्याकडे शिपाई चार होते, तेही जेवणाआधी. शिवाय दोनशे बंडीवाले धुऱ्यांवर बसून बघत होते. ते काही बंजाऱ्यांच्या बाजूचे नव्हते. पण जिनाच्या काट्यावर आपला कापूस दर खेपेला हलका कसा भरतो याचा विचार करायला त्यांना प्रथमच इतका मोकळा वेळ मिळाला होता.

मग सदाशिवराव आले. प्रसंग ओळखून त्यांनी मोठेपणा घ्यायचं ठरवलं. खुर्ची मागवली, घोंगडीच्या कडेला मांडली आणि म्हातारीचं गाऱ्हाणं ऐकून घ्यायला बसले. हिरासिंगने हात जोडून त्यांना तो दंडक सांगितला. सदाशिवराव मोकळेपणाने हसले. ते म्हणाले की नात हरवलेल्या माणसाला दुसरं काय काम आहे, बसतो की दिवसभर.

सुखीबाईने आवाज न चढवता विचारलं, "मालक, आरसा इंदूच्या कोथळीचा हाये. मीच शिवली होती, हिरव्या रेशमानं. कोथळी घरात हाये का?"

सदाशिवराव म्हणाले की पोरीच्या चिंध्या त्यांना कशा माहीत असणार.

"मंग कपडे? कपाट पाह्यलं का तुमी?"

सदाशिवरावांनी आत चहाला सांगितलं, आणि फौजदारांनी त्यांच्याकडे एकदा बघून घेतलं.

"जे मले ठाव हाये ते मालकालेही ठाव हाये," सुखीबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "बाकीचं सांगनारं मानूस आत हाये. ते येईपर्यंत आमी बसलो."

आणि ते बसले. बारा वाजले, एक वाजला. तांड्याने भाकरी सोडल्या. सदाशिवरावांसाठी आतून चहा आला, मग ताट वाढल्याचा निरोप आला, मग पुन्हा आला. त्यांनी तो मान हलवून परतवला. खुर्ची उन्हात आली होती, पण आता ती सरकवायची म्हटलं तरी उठावं लागणार होतं, आणि दोनशे माणसं तेवढीच वाट बघत होती. सुखीबाईचा जीव मात्र फाटकाच्या आतल्या ओट्यावर होता. निरोप पोचला होता. पण निरोप पोचणं वेगळं. दिवस बुडाला तर उद्या देवसिंग यवतमाळच्या कोर्टाकडे रवाना होणार होता, आणि तिने स्वतःहून दिलेला जबाब त्याच्यासोबत.

दोनच्या सुमाराला ओट्यावरचं दार उघडलं. तानाबाई बाहेर आली. तीन वर्षांत तिला फाटकाजवळ कुणी पाहिलं नव्हतं. डोक्यावरचा पदर सारखा करत ती बंड्यांच्या, शिपायांच्या, सासऱ्याच्या खुर्चीसमोरून चालत आली आणि घोंगडीवर सुखीबाईला लागून बसली. मांडी घालायला जागा नव्हती. मोतीबाईने घागरा आवरून करून दिली.

"इंदू हरवली नाही," तानाबाई म्हणाली. मागच्या बंड्यांनाही ऐकू जावं म्हणून तिने पुन्हा म्हटलं. "इंदू हरवली नाही. मी माझ्या मावशीकडे ठेवली आहे. या माणसाने तिला पाहिलंसुद्धा नाही. दोन दिवस मी गप्प राहिले, तो माझा गुन्हा. आणि उद्याच्या दत्तकाच्या कागदावर मी सही करणार नाही. सही मागायला माझी पोर ओलीस ठेवायची, हे ज्यांना सुचलं, ते समोर बसले आहेत."

सदाशिवराव ताडकन उभे राहिले.

"घरात चल," ते म्हणाले.

"नाही, मामंजी. इथं बसलेलं माणूस निकालाशिवाय उठत नाही म्हणतात."

नायक हिरासिंग आयुष्यात बड्या माणसाला उलटून शब्द बोलला नव्हता. आताही तो उलटून बोलला नाही. त्याने फक्त घोंगडीकडे बघत नोंद केली.

"मालक उठले," तो म्हणाला.

मागे बंड्यांवरून कुणीतरी ते पुढे सांगितलं, त्याने पुढच्याला, आणि ते दोन शब्द नाल्याच्या पुलापार जाऊन परत आले तेव्हा सदाशिवराव अजून उभेच होते. बसायला खुर्ची होती. पण आता बसून काही उपयोग नव्हता.

फौजदारांनी आपलं लहान पुस्तक चाळलं. आईने आपलीच पोर मावशीकडे ठेवण्यावर त्यांना कलम सापडलं नाही. त्यांनी सुखीबाईजवळ वाकून हळूच सुचवलं की झालं गेलं विसरावं. देवसिंगला ते ठाण्याच्या मागच्या दाराने सोडतात, उगाच गर्दी नको, आणि हजेरीचं तर ते सहज बोलले होते.

सुखीबाई म्हणाली की मंगळवारी त्याला हात बांधून भर बाजारातून नेला, तेव्हा गर्दीची कुणाला अडचण झाली नव्हती. तो बाजारातूनच येईल. आणि नेताना साहेब सोबत होते, तर आणतानाही सोबत असावेत; तेवढी रीत पाळावी. तोवर घोंगडी इथेच आहे.

पुलापलीकडच्या बंडीवाल्यांना आता भुका लागल्या होत्या. फौजदार ठाण्यात गेले आणि देवसिंगच्या बरोबरीने बाजारातून चालत आले. वाटेत दोनदा त्यांनी पाऊल मागे टाकायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा देवसिंग त्यांच्यासाठी अदबीने थांबला.

एक काम उरलं होतं. सुखीबाईला आरसा हवा होता, म्हणून ती देवसिंगला घेऊन पुन्हा ठाण्यात आली. तो सरकारी मुद्देमाल होता, पण प्रकरणच उरलं नसल्यामुळे मुन्शीने तो परत द्यायचं कबूल केलं. त्याने पोच लिहिली, शाईची डबी उघडली आणि तिचा अंगठा धरायला हात पुढे केला.

सुखीबाईने हात मागे घेतला. तिच्या सासऱ्याच्या अंगठ्याचे शेकडो ठसे याच ठाण्याच्या वह्यांत होते.

"अंगठा नाही देत," ती म्हणाली.

मुन्शीने विचारलं की मग सही येते का.

ती म्हणाली, येते. तिने कमरेच्या पिशवीतून सुई काढली, दात चार असले तरी दोरा त्यांनीच तोडला, आणि पोचेच्या कागदावर, जिथे रेघ मारली होती तिथे, गोल करून सात टाके घातले. गाठ खाली लपवली. मुन्शीने कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, मग फौजदारांकडे पाहिलं. फौजदार खिडकीबाहेर बघत होते.

"बुधवारी तुमीच लिहून घेतलं ना, हा टाका माहाच हाये म्हनून?" सुखीबाई म्हणाली. "आता पुरावा हाये."

तिने आरसा पदराला बांधला आणि देवसिंगला उठ म्हटलं. राळेगावची एसटी साडेपाचला सुटत होती, तानाबाई स्टँडवर येऊन थांबली होती, आणि कोथळीवर अकरावा आरसा बसवायला उजेड लागणार होता.